संग्रह मोडताना

१९६० साली न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात एक कचरा वाहणारा तराफा ओढून नेला गेला. त्यावर खोक्यांच्या चळती होत्या आणि खोक्यांत बेसबॉल खेळाडूंची कोरी करकरीत रंगीत कार्डं. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनं ही कार्डं १९५२ मध्ये च्युइंगगमबरोबर विकायला काढली होती. त्यांचा शेवटचा हप्ता बाजारात आला तेव्हा बेसबॉलचा मोसम संपत आला होता, पोरांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. दुकानदारांनी माल परत पाठवला, तो वर्षानुवर्षं गोदामात जागा अडवून बसला. ही कार्डं ज्यानं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखली होती, त्या साय बर्गरनंच अखेर ती जत्रांमधल्या खेळवाल्यांना मातीमोल भावात देऊ केली. काही गेली, पण मग खेळवालेही नको म्हणाले. तेव्हा त्यानं तराफा भाड्यानं घेतला, स्वतः सोबत गेला आणि शेकडो खोकी पाण्यात सोडून आला.

त्या खोक्यांमध्ये ३११ क्रमांकाचं मिकी मँटलचं कार्ड होतं. बुडवण्यातून वाचलेलं, उत्तम स्थितीतलं असं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. तेव्हाच्या दरानं जवळपास १०० कोटी रुपये. विकणाऱ्यानं ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना घेतलं होतं.

हा किस्सा सांगितला की लोक बर्गरच्या नावानं हळहळतात. मला त्यात उलटाच हिशेब दिसतो. ती खोकी बुडाली नसती, तर कार्डाला ही किंमत आलीच नसती. या छंदाचं सगळं भांडवल दुसऱ्या कुणीतरी टाकून दिलेल्या वस्तूंवर उभं आहे. त्यामुळे लोक खेळाच्या आठवणींचा संग्रह का सोडतात, हा प्रश्न विचारला की छंदाच्या मुळाशीच जावं लागतं. मी तो ठाणे, दादर, पुणे आणि न्यू जर्सीतल्या काही संग्राहकांना विचारला. सगळ्यांनी आधी एकच उत्तर दिलं: जागा नाही. आणि मग पुढचा तासभर भलतंच काहीतरी सांगत राहिले.

अमेरिकेत एका अख्ख्या पिढीचा संग्रह आयांनी मोडला. मुलगा कॉलेजला किंवा व्हिएतनामच्या युद्धावर गेला, आईनं पोटमाळा आवरायला काढला, बुटांच्या खोक्यांत भरलेली कार्डं कचऱ्यात गेली. 'आईनं टाकली नसती तर आज मी कोट्यधीश असतो' हे वाक्य तिकडच्या सत्तरीतल्या कुठल्याही माणसाकडून ऐकायला मिळतं. आपल्याकडे हेच काम दिवाळीच्या साफसफाईनं केलं. 'स्पोर्टस्टार'च्या मधल्या पानावरचे गावसकर-कपिलचे पोस्टर, 'एकच षटकार'चे अंक, कुठल्या कुठल्या गोळ्यांबरोबर आलेली चित्रं, सगळं सुतळीत बांधून रद्दीवाल्याच्या काट्यावर गेलं. त्याबद्दल कुणी फार कडवटपणे बोलत नाही. वस्तू दुसऱ्यानं टाकली की छंद सुटत नाही, उलट पुढे पैसे हाती आल्यावर माणूस तीच वस्तू शोधत फिरतो.

अमेरिकेत तसंच झालं. १९८० च्या सुमारास ती मुलं कमावती झाली आणि आपलं लहानपण विकत घ्यायला निघाली. डॉ. जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकानं कार्डांच्या भावांची पद्धतशीर यादी करायला घेतली, १९८४ पासून तिचं मासिक निघू लागलं. दर महिन्याला कुठल्या कार्डाचा भाव चढला, कुठल्याचा उतरला, ते बाणांनी दाखवलेलं असायचं. दहा वर्षांची पोरं ते मासिक आपल्याकडचे काका लोक शेअरबाजाराचं पान वाचतात तसं वाचू लागली. त्याआधी टॉप्सची जवळजवळ मक्तेदारी होती. १९८० मध्ये एका न्यायालयीन निकालानं ती मोडली, १९८१ मध्ये फ्लिअर आणि डॉनरस मैदानात उतरल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. चकचकीत पाकीट, पाठीमागे होलोग्राम आणि संचातलं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनिअर या नवख्या पोराचं. पाकिटांवर उड्या पडल्या.

बापमंडळींनी मुलांच्या कॉलेजची फी निघेल या आशेनं न फोडलेल्या पेट्याच्या पेट्या माळ्यावर रचल्या. आता आयांनीही वर्तमानपत्र वाचलेलं होतं, त्यांनी काही टाकलं नाही. कंपन्यांनी रात्रंदिवस छपाई केली. परिणाम काय झाला, हे सांगायला संख्याशास्त्राचा प्राध्यापक नको. प्रत्येकानं जपलं, आणि जे प्रत्येकाकडे आहे ते विकत कोण घेणार? त्या काळातल्या कार्डांना आज 'जंक वॅक्स' म्हणतात. मेणकागदाच्या पाकिटांतून येणारं भंगार. धर्मादाय दुकानंही ती नको म्हणतात. त्यात १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडूंनी संप पुकारला. मोसम तिथेच थांबला, मोसमाच्या अखेरची वर्ल्ड सिरीज त्या वर्षी झालीच नाही. खेळावरच चिडलेल्या लोकांनी कार्डं घेणं बंद केलं आणि गल्लोगल्ली उघडलेली दुकानं भराभर मिटली.

या पहिल्या मोठ्या गळतीबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. ती छंद सोडणाऱ्यांची गळती नव्हती, सट्टा हरलेल्यांची होती. खरा कोरडेपणा पुढे आला, आणि तो समजून घ्यायला एका कार्डाची कुंडली पाहावी लागते.

सुमारे दीड इंच रुंद, अडीच इंचांहून जरासं उंच. नारिंगी पार्श्वभूमीवर पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचा खांद्यापर्यंतचा चेहरा, केसांचा मधोमध भांग. अमेरिकन टोबॅको कंपनीनं १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून जी कार्डं दिली, त्यांतलं हे एक. वॅग्नरनं हरकत घेतली, छपाई थांबली. मुलांनी माझ्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं काही सांगतात. पैसे मिळाले नाहीत म्हणून, असं बाकीचे. कारण काहीही असो, मोजकी कार्डं उरली. त्यांतलं एक १९८५ मध्ये बिल मास्ट्रो नावाच्या व्यापाऱ्यानं लाँग आयलंडवर २५ हजार डॉलरना घेतलं. शंभरीकडे निघालेल्या कार्डाचे कोपरे गोल झालेले असतात, कडा मऊ पडलेल्या असतात, खिशात राहिल्याच्या खुणा असतात. या कार्डाच्या कडा मात्र कालच कापल्यासारख्या सरळ. कोपरे टोचतील इतके टोकदार.

१९९१ मध्ये आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीजच्या लिलावात ते ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलं. त्याच वर्षी पीएसए नावाची कंपनी निघाली होती. कार्ड तपासायचं, दहापैकी गुण द्यायचे आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं, हा तिचा धंदा. तिनं क्रमांक एकची डबी या कार्डाला दिली, गुण आठ. पुढे हे कार्ड वॉलमार्टच्या एका बक्षीस योजनेत ठेवलं गेलं आणि फ्लोरिडातल्या टपाल खात्यात काम करणाऱ्या एका बाईंना लागलं. बक्षिसावरचा कर भरण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांनी ते लगेच लिलावात काढलं. आलेली रक्कम सुमारे ६ लाख ४० हजार डॉलर. २००७ मध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्स संघाचे मालक केन केंड्रिक यांनी ते २८ लाख डॉलरना घेतलं.

एव्हाना मास्ट्रो या व्यवसायातला सर्वांत बडा लिलावदार झाला होता. २०१३ मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात त्यानं फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. लिलावात तो आपल्याच माणसांकडून खोट्या बोल्या लावून भाव चढवत असे, आणि ते वॅग्नरचं कार्डही त्यानं कडेनं कापलं होतं. म्हणजे ज्या कार्डामुळे सगळी ग्रेडिंगची व्यवस्था विश्वासाला पात्र ठरली, तेच कातरलेलं होतं. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

जाणकारांमध्ये कुजबुज वीस वर्षं चालू होती. कुणी मोठ्यानं बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या कपाटात अशीच एखादी डबी होती आणि दुसऱ्याच्या डबीवर शंका घेतली की आपल्या डबीचा भाव पडतो. एका जुन्या संग्राहकानं मला सांगितलं की त्याचा उत्साह फसवणुकीनं गेला नाही, या गप्प बसण्यानं गेला. मला हे कारण पटतं. चार समविचारी माणसं जमवून वस्तू हातात घेऊन तिच्यावर वाद घालणं हीच छंदातली अर्धी मजा असते, आणि इथे तर वस्तू हातात घेताच येत नव्हती.

सह्यांच्या बाबतीत प्रकार आणखी बेधडक होता. सॅन दिएगो पॅड्रेस संघाचा टोनी ग्विन हा खेळाडू एकदा आपल्याच संघाच्या दुकानात गेला, तर तिथे त्याच्या सहीच्या वस्तू विकायला ठेवलेल्या, आणि सह्या त्याच्या नव्हत्या. एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' या नावानं तपास हाती घेतला. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये धाडी पडल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका टोळीतला ग्रेग मरिनो हा गृहस्थ बेब रूथ, टाय कॉब, मँटल, जो हवा तो बसल्या जागी होत असे. जुन्या कोऱ्या चेंडूंवर जुन्या वळणाची सही करायची, वर शेलॅकचा हात फिरवून चेंडू पिवळट करायचा. जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही निघाले! हे वाचून मी हसलो, पण ते कुणीतरी विकत घेतले असते हेही तितकंच खरं. सह्यांच्या बाजारातला निम्म्याहून जास्त माल बनावट असावा, असा एफबीआयचा तेव्हाचा अंदाज होता.

यावर इलाजही निघाला. २००१ पासून मेजर लीग बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याला पोलिस खात्यातले आजी-माजी अधिकारी साक्षीदार म्हणून बसू लागले. चेंडू, बॅट, बेस, जे मैदानातून बाहेर पडेल त्यावर तिथल्या तिथे क्रमांकाचं होलोग्राम चिकटवतात. व्यवस्था उत्तम आहे. पण ज्यानं १९६२ मध्ये बापाचं बोट धरून, दोन तास गेटबाहेर थांबून, स्वतःच्या डोळ्यांदेखत सही घेतली, त्याच्याकडे होलोग्राम नाही. बाजाराच्या लेखी तो संशयित. त्यानं सही तपासणाऱ्या कंपनीकडे चेंडू पाठवायचा, फी भरायची आणि जी सही होताना त्यानं पाहिली ती खरी आहे का, हे एका अनोळखी माणसानं पत्रानं कळवायचं. कधी उत्तर येतं, 'खात्री देता येत नाही.' संग्रह सोडण्याच्या सगळ्या कारणांत मला हे सर्वांत अपमानाचं वाटतं.

कधी वस्तू खरी असते, पण ज्याची ती आहे तो माणूसच घसरतो. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरनं मोसमात ७० होम रन मारले. सत्तराव्या फटक्याचा चेंडू कॉमिक्स-चित्रकार टॉड मॅकफार्लेननं सुमारे ३० लाख डॉलर मोजून घेतला. जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरनं उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. चेंडू तोच, टाके तेच. अशा चेंडूचं करायचं काय? मार्क एको या फॅशन-उद्योजकानं एक विक्षिप्त उत्तर काढलं होतं. उत्तेजकांच्याच संशयात अडकलेल्या बॅरी बाँड्सच्या विक्रमी ७५६ व्या होम रनचा चेंडू त्यानं २००७ मध्ये साडेसात लाख डॉलरना घेतला, लोकांचं ऑनलाइन मतदान घेतलं आणि कौलाप्रमाणे चेंडूवर फुलीसारखी तारका उमटवून तो कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला देऊन टाकला. विक्रम खरा, पण तळटीप वाचा, अशी ती तारका.

आपल्याला हे सांगायला अमेरिका लागत नाही. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं सामनानिश्चितीचं संभाषण जाहीर केलं, त्या आठवड्यात किती घरांतल्या भिंती मोकळ्या झाल्या! दादरच्या एका गृहस्थांकडे दक्षिण आफ्रिकेच्या अख्ख्या संघाच्या सह्यांची बॅट होती. त्यांनी ती फेकली नाही, विकली नाही. उलटी करून, सह्या भिंतीकडे, कपाटामागे उभी केली आणि त्यानंतर नवीन काही घेतलं नाही. क्रोनिएबद्दल बोलताना ते आजही त्याला 'कॅप्टन' म्हणतात, मग थांबतात.

२००३ मध्ये डॉनरस कंपनीनं बेब रूथचा १९२५ सालचा, सामन्यात घातलेला शर्ट २ लाख ६४ हजार डॉलरना विकत घेतला आणि कात्रीनं त्याचे दोनएक हजार तुकडे केले. एकेक तुकडा एकेका कार्डात बसवून विकला. जास्तीत जास्त चाहत्यांना रूथच्या जवळ जाता यावं, हा त्यामागचा युक्तिवाद. कित्येक जुन्या संग्राहकांना ही बातमी वाचून उबग आला. रूथचे शर्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि एक कमी झाला तो आग लागून किंवा कसर लागून नव्हे. अशा वेळी माणूस आपलं कपाट उघडून बघतो आणि आपणही याच बाजारात उभे आहोत हे त्याला लख्ख दिसतं.

मग २०२० ची साथ आली. घरात कोंडलेल्या लोकांनी माळे उघडले, मायकल जॉर्डनवरचा माहितीपट पाहिला, सरकारी मदतीचे धनादेश हातात होते. भाव भडकले. पीएसएकडे कार्डांचा इतका ढीग साचला की मार्च २०२१ च्या अखेरीस तिनं बहुतेक सेवा थांबवल्या. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट दुकानाच्या आवारात कार्डांवरून मारामारी झाली, पिस्तूल बाहेर निघालं आणि टार्गेटनं दुकानातली कार्डविक्रीच काही काळ बंद केली. न्यू जर्सीतल्या आमच्या एका मराठी मित्रानं तेव्हा मुलाच्या हौसेखातर कार्डं घ्यायला सुरुवात केली होती. मुलगा आठवीतला. तो पाकीट फोडायचा, खेळाडूचा चेहरा बघायच्या आधी फोनवर भाव बघायचा आणि भाव नसलेली कार्डं जमिनीवर टाकून उठायचा. मित्र म्हणाला, मी ती गोळा करून मागची आकडेवारी वाचत बसायचो, मुलाला माझीच कीव यायची. वर्षभरात दोघांनी सोडलं. मुलाचं म्हणणं, परतावा नाही. बापाचं म्हणणं, मजा नाही. एकाच घरात एकाच खोक्यातून ही दोन कारणं निघाली.

आपल्याकडे कार्डांची अशी लाट कधी आलीच नाही. टॉप्सनं आयपीएलचे 'क्रिकेट ॲटॅक्स' पत्ते आणले, पोरांनी ते खेळून झिजवले, बस्स. मोठ्या रकमा होत्या त्या बॅटींना. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात धोनीनं ज्या बॅटनं षटकार मारून सामना संपवला, ती त्याच वर्षी लंडनच्या एका मदतनिधी लिलावात १ लाख पौंडांना गेली. पुण्यात रोहन पाटे यांनी उभारलेल्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या संग्रहालयाचं उद्घाटन २०१२ मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते झालं. त्या संग्रहालयानं २०२० मध्ये पाकिस्तानच्या अझर अलीची त्रिशतकी खेळीची बॅट १० लाख पाकिस्तानी रुपयांना घेतली. कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी त्यानं ती लिलावात ठेवली होती. दुबईत काढलेल्या नाबाद ३०२ धावा आता पुण्यात मुक्कामाला आहेत.

पण साध्या माणसाच्या संग्रहाला इथे वेगळेच शत्रू. पहिला म्हणजे हवा. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत कागद फुगतो, अल्बमच्या प्लास्टिकच्या पानांना फोटो चिकटतात, वेगळे करायला गेलं की चेहऱ्याचा पापुद्रा निघतो. बॅटवर स्केचपेननं घेतलेली सही उजेडात दहा वर्षांत फिकट जांभळी होते, मग दिसेनाशी होते. साध्या बॉलपेननं, जोर देऊन केलेली टिकते, कारण ती लाकडात उमटलेली असते. बॅट तिरपी धरून बोटानं चाचपली की लागते.

दुसरा शत्रू पुनर्विकास. ठाण्यातले आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांची इमारत पाडायला निघाली. बिल्डर भाडं देणार, तीन वर्षं दुसरीकडे राहायचं. त्यांच्याकडे चाळीसएक वर्षांचा ऐवज: वानखेडेवर १९७५ मध्ये पहिली कसोटी झाली तेव्हापासूनची तिकिटांची अर्धुकं, सह्यांच्या वह्या, नऊ बॅटी, मासिकांचे गठ्ठे. "अहो, हे सगळं भाड्याच्या घरात न्यायचंय?" असं वहिनींनी विचारलं, आणि लोक इथे सुस्कारा सोडून बायकांच्या नावानं बोटं मोडतात. या घरात मात्र प्रत्येक तिकिटाची तारीख, प्रतिस्पर्धी संघ, कोण किती धावांवर बाद, हे सगळं एका लांब वहीत लिहून ठेवलेलं होतं आणि अक्षर वहिनींचं होतं. विचारण्याचा हक्क त्यांचा होता.

मी गेलो तेव्हा बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून मांडणी चालू होती. एका जाणत्या व्यापाऱ्याला त्यांनी बॅटी दाखवल्या. त्यानं सह्या पाहिल्या, ओळखल्याही. मग विचारलं, "काका, सही घेतानाचा फोटो आहे का? सर्टिफिकेट?" फोटो कुठून असणार? १९८३ साली हॉटेलच्या मागच्या दारात कॅमेरा घेऊन कोण उभं राहत होतं? त्यानं जुन्या इंग्लिश विलोच्या बॅटी म्हणून भाव सांगितला. सह्यांचा भाव शून्य. कॅलिफोर्नियात कुणीतरी खोट्या सह्या करत बसलं आणि त्याचा भुर्दंड असा फिरत फिरत ठाण्याच्या नौपाड्यात येऊन पोचला. काकांनी बॅटी विकल्या नाहीत. पुतण्याच्या मुलाला दोन दिल्या, तो त्यांनी खेळतो. सहीवर चेंडू बसतो, काकांना चालतं.

मासिकं किलोवर गेली. तिकिटं मागायला इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. त्यानं स्वतः पाहिलेल्या आयपीएलच्या सामन्यांची तिकिटं फोनवरच्या क्यूआर कोडची, सामना संपला की ॲपमधून गायब. त्याला छापील कागद हवा होता. काकांनी गठ्ठा देऊन टाकला. न्यूयॉर्क किंवा डॅलसला असते तर दिला नसता बहुधा: जॉर्डनच्या १९८४ मधल्या पदार्पणाच्या सामन्याचं अखंड तिकीट २०२२ मध्ये ४ लाख ६८ हजार डॉलरना गेलंय. मी हा आकडा सांगितला तेव्हा काका म्हणाले, "ते अखंड होतं ना? म्हणजे त्या तिकिटावर कुणी मॅच पाहिलीच नव्हती."

संग्रह सोडण्याचा आणखी एक रस्ता आहे, तो म्हणजे वेळेत एखाद्या संस्थेच्या हवाली करणं. मुंबईचे ज्येष्ठ आकडेतज्ज्ञ आनंदजी डोसा यांनी क्रिकेटच्या पुस्तकांचा आणि नोंदींचा आपला मोठा संग्रह क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला दिला. पण डोसांसारखं नाव नसेल तर संस्थाही जागेचंच कारण सांगतात. मुलं परदेशात, त्यांना बाबांचं कपाट नको, बाबांची आठवण हवी असते, आणि ती फोनमध्ये मावते. हे कठोर वाटेल, पण मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी ती सही घेतलेली नाही.

आणि कधी खेळाडूच्याच घरचे वस्तू सोडायला निघतात. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकलं. २०१७ मध्ये त्यांच्या मुलानं ते कांस्यपदक लिलावात काढायची तयारी जाहीर केली, कारण कराडजवळच्या गोळेश्वरात वडिलांच्या नावानं होणारी कुस्ती अकादमी सरकारी आश्वासनातच अडकून पडली होती. बातमीनं महाराष्ट्र हळहळला. पदक विकू नये असं सगळ्यांचं मत पडलं. अकादमीला पैसे द्यावेत असं मत असणारे त्या मानानं कमी होते.

ठाण्याच्या घरी परत येतो, कारण तिथे एक वही उरली आहे. निळ्या रेक्झिनची. त्यात कांगा लीगमधल्या खेळाडूंच्या सह्या. १९४८ पासून मुंबईच्या पावसात खेळली जाणारी ही स्पर्धा. आझाद मैदानावर छत्री बगलेत धरून घेतलेल्या सह्या, अर्ध्याअधिकांवर पाणी पडून शाई पसरलेली. बाजारात या वहीला गिऱ्हाईक नाही, कारण यांतले बरेच जण रणजीपर्यंतही पोचले नाहीत. व्यापाऱ्यानं ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. मी गेलो त्या संध्याकाळी काकांचे दादरचे एक मित्र आले होते, स्वतः कांगा लीग खेळलेले. पान अठ्ठावीसवरच्या एका डागावरून दोघांची जुंपली.

"ही पॅडीची. शिवलकरची. सुरुवातीचा गोल बघ ना."

"कसला गोल? पाण्याचा थेंब आहे तो. ही एक्कीची सही आहे, सोलकरची. मी बाजूला उभा होतो."

"तू त्या वर्षी पुण्याला होतास!"

"पुण्याला मी नंतर गेलो. वहिनी, जरा तुमची ती लांब वही आणा बघू."

वहिनींनी वही आणली, पान काढलं. तारीख होती, मैदान होतं, पावसानं खेळ किती वाजता थांबला तेही होतं. सहीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह होतं. त्यावरून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि मी निघालो तेव्हा दोघं चष्मे पुसून ते पान ट्यूबलाइटखाली धरून बसले होते, शिवलकर डावखुरा गोलंदाज असला तरी लिहायचा कुठल्या हातानं, या मुद्द्यावर.